बिनमडगार्डची गाडी

उकंडभाऊ गेला त्या आठवड्यात चौकात त्याचा फ्लेक्स लागला. 'गावाचे निःस्वार्थ सेवक' असं वर लिहिलं होतं. फोटोत त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, जो त्यानं जन्मात लावला नाही. मागे लाल रंगाची नवीकोरी मोटरसायकल होती, जी त्याची नव्हती. फ्लेक्सवाल्या पोरानं कुठून तरी काढून चिकटवली होती. त्याची बायको बेबीबाई फ्लेक्सखाली उभी राहून बराच वेळ वर पाहत होती. मग मला म्हणाली, "मायबाई, हे गाडी कोणाची होय?"

मी त्याच्या शेजारच्या घरात सून म्हणून आले आणि तिथंच म्हातारी झाले. सेवक वगैरे तो नव्हता. त्याला चिखलातून गाडी चालवायला आवडायचं, एवढंच. त्या आवडीपायी गावातली काही माणसं वेळेवर दवाखान्यात पोचली ही गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात कोणी म्हटलं, उकंडभाऊ, सडकेपर्यंत सोडून दे, तर म्हणायचा, "पाय हायेत ना बाप्पा तुले. मी काय मोकळा बसलो काय?" आणि मोकळाच बसलेला असायचा. तेच पावसाळ्यात विचारलं की तोंडातला घास टाकून उठायचा.

उकंडा हे नाव आता कोणी ठेवत नाही. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून हा झाल्यावर आईनं त्याला उकिरड्यावर लोळवलं आणि हे नाव ठेवलं, म्हणजे कोणाची नजर लागणार नाही. आमचे हे त्याला म्हणायचे, "मायनं तुले एकडाव लोळवलं, तू रोज लोळतं." आमचे हे म्हणजे वसंता. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नाही असं आमच्या वेळी होतं. आता घेते. घेतल्यानं काही होत नाही.

आमचं गाव रोहण्याकडे जाणाऱ्या डांबरी सडकेपासून आत आहे. सडकेपासून गावापर्यंत तेव्हा नुसती पांदण होती, म्हणजे दोन्ही बाजूंना वावरं आणि मधून एक बैलबंडी जाईल एवढी वाट. जमीन सगळी काळी. मध्ये नाला, आणि नाल्यावर रपटा. रपटा म्हणजे कठडे नसलेला बुटका पूल, पूर आला की पाणी वरून जातं. रपट्याच्या दोन्ही तोंडांशी पिवळा मुरूम टाकायचे. तो दरवर्षी वाहून जायचा, दरवर्षी पुन्हा टाकायचे. पाऊस लागला की पांदण बंद. एस्टी, अ‍ॅम्बुलन्स, जे काही असेल ते डांबरी सडकेवर येऊन उभं राहायचं. तिथपर्यंत आपलं आपण जायचं.

उकंडभाऊनं गाडी घेतली ती जुनी, आर्वीच्या एका ठेकेदाराची. काळी, जड, दोन सायलेंसरची. किक आणि गिअर एकाच दांड्यावर. चालू केली की आमच्या घरातली फळीवरची भांडी वाजायची. घेतली तीही भर पावसाळ्यात, कारण त्याला दम निघाला नाही. सकाळी पायी गेला आणि संध्याकाळी आला तो दुसऱ्याच्या बंडीत बसून. गाडीपण बंडीतच होती, आडवी, दोरानं बांधलेली. सगळं गाव पाहायला जमलं.

वसंतानं विचारलं, "काऊन बे, गाडीनं तुले आणलं का तू गाडीले?"

"मडगार्डात गारा भरला ना," उकंडभाऊ म्हणाला. तो अंगभर काळा झाला होता.

गारा म्हणजे आमच्याकडचा काळा चिखल. तो चाकाला चिकटतो, चाक फिरतं तसा पुढच्या मडगार्डमध्ये ठासत जातो. पूर्ण ठासला की चाक अडकतं. गाडी जागेवर उभी राहते, माणूस पुढे जातो. उकंडभाऊ पुढे गेला तो थेट कोणाच्या तरी तुरीत.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुढचं मडगार्ड खोललं आणि गोठ्यात बैलांच्या घुंगरमाळा टांगायच्या खुंटीला टांगलं. तेव्हापासून हा त्याचा नेम झाला. मिरग लागला की मडगार्ड खुंटीला. दसऱ्याला गाडी धुवायची, पूजा करायची आणि मडगार्ड परत गाडीला. पावसाळाभर चाकाचा चिखल सरळ त्याच्या तोंडावर उडायचा. गावात यायचा तेव्हा तो कोण आहे हे आवाजावरून ओळखावं लागायचं. चपला चिखलात राहून जायच्या म्हणून पायही अनवाणी. दोन्ही पाय खाली सोडून, माती चाचपत गाडी चालवायचा. मिरगापासून दसऱ्यापर्यंत त्याचे पाय मी कधी स्वच्छ पाहिले नाहीत. बेबीबाई म्हणायची, गोधडी धुवायची सोडली मी आता.

चाकात अडकलेली माती खरडायला त्यानं तिचा पोळी उलथायचा लोखंडी सराटा नेला होता. तो हेडलाईटपाशी सुतळीनं बांधलेला असायचा. रोज स्वयंपाकाच्या वेळेला आमच्या भिंतीपलीकडून आवाज यायचा.

"अवो, माहा सराटा द्या! पोळी काय बोटानं उलथू?"

"दुसरा घे ना."

"दुसरा बी तुमीच नेलता!"

चिखलाबद्दल तो बोलायला लागला की उठून जावं लागायचं, नाहीतर तुमचं काम राहिलं. पातळ गाऱ्याला भ्यायचं नाही, तो पाण्यासारखा असतो, चाक सोडून देतो. उघाड पडली, ऊन आलं, अर्धवट वाळला, तो गारा वाईट. चाक बंडीच्या चाकोरीत गेलं की चाकोरीचं ऐकायचं, हट्ट करायचा नाही. आणि शेवटी नेहमीचं: "गाऱ्यात ब्रेक नाई, गाऱ्यात थांबणं नाई, गाऱ्यात मांगं पाहाणं नाई." हे तो पानठेल्यावर, लग्नात, मयतीत, कुठंही सांगायचा.

वसंता सायकलवाला माणूस. त्याला गाडीचं काही कौतुक नव्हतं. पण संध्याकाळी दोघं आमच्या ओट्यावर बसायचे. उकंडभाऊ समोर गाडी लावून पुसत असायचा आणि वसंता एक डोळा मिटून गाडीकडे पाहायचा.

"उकंडा, हँडल वाकडं दिसते तुयं."

"कुठी वाकडं हाय? सीधं हाय."

"डावीकडं झुकलं ना बे. इथून पाह्य."

मग उकंडभाऊ समोर जाऊन उकिडवा बसायचा, डोळा मिटायचा, मागे जाऊन पाहायचा, एकदा तर दोरा लावून मोजलं. हँडल सरळच असायचं. वसंता गालात तंबाखू धरून गप्प. चार दिवसांनी पुन्हा, "उकंडा, हँडल..." वर्षानुवर्षं हे चाललं. उकंडभाऊला कळत नव्हतं असं नाही. तरी तो दरवेळी उठून पाहायचा.

पोळ्याचं सांगते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकतात. पळसाच्या पानानं खांद्याला तूप-हळद लावायची आणि बैलाला सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. उकंडभाऊनं बैलांचं केलं आणि मग तूप घेऊन गाडीकडे वळला. आता गाडीचा खांदा कोणता यावर ओट्यावर बराच वाद झाला. वसंता म्हणाला सीट. उकंडभाऊ म्हणाला, "सीट पाठ झाली. भार हँडलवर येते, मंग खांदा थेच." आणि हँडलला तूप-हळद लावली.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैलं ओळीनं उभी, आणि ओळीच्या शेवटी याची गाडी. सीटवर झूल, हँडलला बेगड. तोरण तोडायचा मान पाटलांचा, ते म्हातारे होते, त्यांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी विचारलं, "हा बैल बसला काऊन?" लोक हसले. उकंडभाऊला ते लागलं. तोरण तुटायच्या आधीच त्यानं किक मारली. दोन सायलेंसरचा आवाज झाला आणि बैलं उधळली. एका जोडीनं तोरण गळ्यात घेऊन नाल्याकडे धाव घेतली. पाटलांचा मान तसाच राहिला, त्यांच्या हाती दोरीचं टोकसुद्धा लागलं नाही. पुढल्या वर्षी ठरलं की गाडी आणायची असेल तर बंद आणायची. तेव्हापासून तो हँडलला दोर बांधून गाडी ओढत पोळ्यात न्यायचा. मागून वसंता ढकलायचा.

माणसं नेणं कधी सुरू झालं ते मला नेमकं आठवत नाही. बहुतेक एका म्हातारीला हगवण लागली होती तेव्हापासून. तिला गाडीवर धरून बसवत नव्हतं, म्हणून त्यानं बेबीबाईचं जुनं हिरवं लुगडं घेतलं आणि म्हातारीला लेकरासारखं आपल्या पाठीला बांधलं. म्हातारी पोचली, जगली. मग ती रीतच पडली. लुगडं सीटखाली घडी करून असायचं. आजारी माणूस मागे बसवायचा, लुगड्याचे वेढे घ्यायचे, गाठ उकंडभाऊच्या छातीवर. आणि ज्याच्या घरचा माणूस नेला त्या घरच्या बाईनं लुगडं धुऊन, वाळवून, घडी करून परत द्यायचं. पैसे तो घेत नव्हता, पण लुगडं मळकं दिलं तर बेबीबाई दारातून परत पाठवायची.

बसणाऱ्यालाही नियम होते. बोलायचं नाही, हलायचं नाही, रपटा आला की डोळे मिटायचे. शाळेतले मास्तर एकदा रपट्यावर "थांबा, थांबा" म्हणाले. हा थांबला नाही. पलीकडे गेल्यावर म्हणाला, "मास्तर, शाळेत मी तुमाले थांबवतो काय?"

त्याला एका गोष्टीची घमेंड होती आणि ती त्यानं सगळ्या तालुक्याला सांगितली होती. "माह्या गाडीवरून मांगचा माणूस आजलोक पडला नाई." तो स्वतः पुष्कळदा पडला. एकटा असताना. मागे माणूस असताना नाही. गाव त्याच्या गाडीवर बसायचं ते या एका वाक्यावर. गावात दुसऱ्या पोरांच्याही गाड्या आल्या होत्या, पण पावसाळ्यात त्या घरात टोपल्याखाली कोंबड्या ठेवाव्यात तशा असायच्या. पांदण पार करणारा हा एकच होता.

वसंताला नेलं तो दिवस. पोळा जवळ आला होता. दोन-तीन दिवस उघाड होती, ऊन पडलं होतं. म्हणजे गारा वाईट. सकाळी चहाच्या वेळी वसंता म्हणाला, छातीत आवळून आलं. घाम आला. मी भिंतीवरून हाक मारली. उकंडभाऊ आला, त्यानं वसंताकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं. कोणीतरी अ‍ॅम्बुलन्सला फोन लावला, ती सडकेवर येऊन उभी राहते म्हणाली. उकंडभाऊनं लुगडं काढलं. मी वेढे घेतले, त्यानं गाठ मारली. वसंताचं डोकं त्याच्या खांद्यावर होतं. निघताना वसंता मला म्हणाला, "चुलीवर दूध हाय, पाह्य." गाडी गेली. पांदणीच्या वळणापर्यंत आवाज ऐकू आला, पुढे नाही.

दुपारी मी ओट्यावर बसले होते. आवाज आला नाही आणि उकंडभाऊ दिसला. वेशीपासून त्यानं गाडी बंद केली होती आणि हातानं ढकलत आणत होता. पोळ्याशिवाय त्याला बंद गाडी नेताना मी कधी पाहिलं नव्हतं. तो काय सांगणार ते मला तिथंच कळलं.

"सडकेवर पोचाच्या आंधीच गेला, वयनी. डॉक्टर म्हणे, दिल बंद पडलं."

बेबीबाई रडायला लागली. रडता रडता तिनं विचारलं, "पडले तर नाई ना तुमी?"

"नाई," तो म्हणाला.

वसंताला सडकेवरून ट्रॅक्टरनं आणलं. ट्रॅक्टर फसला, मग बंडीनं आणलं. जे करायचं ते झालं. लोक येऊन गेले. दिवस झाल्यावर एका सकाळी मी लुगडं धुवायला घेतलं, कारण आमच्या घरचा माणूस नेला होता. त्या घरचं काम ते.

चाकाचा चिखल उडतो तो ठिपक्यांनी उडतो आणि काळा असतो. या लुगड्याला डावीकडून चिखल दाबला होता, हातभर पट्टा. तो काळा नव्हता, पिवळा होता. धाग्यांत मुरमाचे खडे रुतले होते. पिवळा मुरूम आमच्या वाटेत एकाच ठिकाणी आहे. मी खडे बोटांनी काढले, दोन पाण्यांतून लुगडं धुतलं, वाळवलं, घडी केली आणि बेबीबाईला दिलं. तिनं उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, "चांगलं निंघालं."

मी कोणाला बोलले नाही. डॉक्टरनं दिल म्हटलं होतं, ते खरंच असणार. घाम मी पाहिला होता. रपट्यावर पडला म्हणून गेला, की जाणारच होता, हे कोण सांगणार? आणि सांगून काय? उकंडानं वसंताला पाडलं एवढं जरी गावात गेलं असतं तरी त्या गाडीवर पुन्हा कोणी बसलं नसतं. दुसरी गाडी नव्हती. पाऊस तर दरवर्षीच येतो.

उकंडभाऊनं हँडल रोहण्याला जाऊन ठोकून आणलं. पाय जरा ओढायचा, किकनं मारलं म्हणायचा. गावात लोक त्याचं ते वाक्य म्हणतच होते, मागचा माणूस पडला नाही. तो आमच्या ओट्यासमोर मात्र ते म्हणेनासा झाला. म्हणता म्हणता मी दिसले की थांबायचा, खोकायचा. रोज सकाळी गाडी काढली की समोर जायचा, एक डोळा मिटून हँडलकडे पाहायचा. आता त्याला तसं सांगणारं कोणी नव्हतं.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या घरची सून अडली. दिवस भरले नव्हते. सासू तिला घेऊन उकंडभाऊच्या अंगणात आली, पण गाडी पाहून तिचा पाय निघेना. ती माझ्याकडे वळली.

"बाई, तुया मालकाले यानंच नेलतं. सांग मले खरं. पाडन तर नाई ना हा? पोटुशी पोरगी हाय माही."

उकंडभाऊ किक मारत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

मी म्हटलं, "बसव तिले. पाडत नाई थो."

त्याची किक घसरली. दुसरीही घसरली. तिसरीला गाडी चालू झाली. सून मध्ये, सासू मागे, तिघांना मिळून लुगड्याचे वेढे. मी दारात उभी होते आणि आवाज वळणावर जाईपर्यंत आत गेले नाही. त्या दिवशी तो कसा गेला असेल मला माहीत नाही. सासू नंतर सांगायची की हा माणूस रपट्यावर तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. देवाचं नाव घेत असेल असं तिला वाटलं. तो देवाचं नाव घेणारा नव्हता. पोरगी सुखरूप झाली. आता ती शाळेत जाते, आणि लुगडं सासूनं मळकंच परत दिलं म्हणून बेबीबाईनं दोन वर्षं तिच्याशी अबोला धरला.

मग सिमेंटची सडक झाली. उन्हाळ्यात केली. पांदण रुंद केली, रपटा तोडला, पूल बांधला, कठड्यांना पिवळा-काळा रंग दिला. उद्घाटनाला यायला पुढाऱ्याला वेळ मिळाला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. मंडप, खुर्च्या, सगळं. सरपंचानं उकंडभाऊला वर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. मग माईकवर म्हणाला, "उकंडरावांच्या गाडीवरून मागचा माणूस आजवर कधी पडला नाही! टाळ्या!"

टाळ्या वाजल्या. मी बायकांत बसले होते. मीपण वाजवल्या. उकंडभाऊ नारळ खुर्चीवर ठेवून खाली उतरला आणि मंडपाबाहेर निघून गेला. लोकांना वाटलं लघवीला गेला. चिवडा वाटला तरी आला नाही.

संध्याकाळी खांदे शेकायची वेळ झाली. त्याची बैलं केव्हाच विकली होती, गाडीच राहिली होती. त्यांच्याकडे दुभतं नव्हतं म्हणून तूप मी घेऊन गेले. गोठ्यात तो गाडीजवळ उकिडवा बसला होता. अंगावर शाल तशीच. हातात पळसाचं पान होतं. मी वाटी ठेवली, तो पान तुपात बुडवून हँडलला लावायला लागला आणि मी वळले.

"वयनी, वसंताले मी पाडलं."

"मले मालूम हाय."

त्याचा हात थांबला. "कोणं सांगतलं?"

"कोण सांगन? लुगडं मीनंच धुतलं ना."

 पानावरचं तूप त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत गेलं.

"मंग त्या पोरीले काऊन बसवलं माह्या गाडीवर? पाडत नाई म्हणलं तुमी."

"मंग काय म्हणाचं होतं? पाडते म्हणलं असतं तर घरीच गेली असती थे. कोण नेणार होतं तिले?"

"मी ब्रेक मारला, वयनी," तो म्हणाला. "रपट्याच्या तोंडाशी. वसंता कण्हला अन् मी मांगं पाह्यलं. आजलोक कधी पाह्यलं नव्हतं. मांगं पाह्यलं अन् ब्रेक मारला."

मी उभी राहिले. 

"पडल्यावर बोलला थो," तो म्हणाला.

हे मला माहीत नव्हतं.

"माह्या पाठीलेच बांधून होता. आमी दोघं आडवे. मी गाठ सोडून राह्यलो होतो अन् थो कानापाशी म्हणे, उकंडा, हँडल पाह्य. वाकडं झालं."

"मंग?"

"मी म्हणलं, कुठी वाकडं हाय? सीधं हाय."

"होतं का सीधं?"

"नाई. लयच वाकडं झालतं."

"मंग काय म्हणले?"

"काई नाई. हासल्यावानी केलं. मंग उभी केली गाडी, बांधलं पुन्हा अन् निंघालो. वाकड्या हँडलनंच नेलं. सडक दिसाले लागली तवा पाठीवर भार आला."

मी म्हटलं, "सीधं हाय म्हणलं ते बरं केलं."

माझ्याबद्दल काही म्हणाले का, हे मी विचारलं नाही. म्हणाले असते तर त्यानं सांगितलं असतं. मला सांगायचं ते वसंतानं निघताना सांगितलं होतं, दूध पाहा. मी पाहिलं नव्हतं. उतू गेलं होतं.

उकंडभाऊनं हँडलचं राहिलेलं टोक पुसून घेतलं आणि गाडीला सांगितलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी घरी आले.

त्यानंतर तो पावसाळ्यात गाडी बाहेर काढायचा, पण सिमेंटवर नाही. वावरात जायच्या आडवाटेनं जायचा, काही काम नसताना, आणि काळा होऊन यायचा. सडकेवर गाडी नुसती चालते म्हणायचा, चालवावी लागत नाही. मागे कोणाला बसवायचा नाही आणि कोणी म्हणतही नव्हतं. लुगडं सीटखालीच होतं. मग साखर वाढली, नजर गेली, नंतर उठणंही गेलं. मिरग आला तेव्हा बेबीबाईनं शेजारच्या पोराकडून मडगार्ड खोलवून खुंटीला लावलं, कारण तो खाटेवरून रोज विचारत होता.

शेवटी पाहिलं ते असं. सकाळची वेळ, पाऊस पडून गेलेला. अ‍ॅम्बुलन्स थेट दारापर्यंत आली. दोघांनी त्याला स्ट्रेचरवर घेतलं, पट्टे आवळले. बेबीबाईनं हिरव्या लुगड्याची घडी उशाला दिली. तो ड्रायव्हरला म्हणाला, "रपट्यावर ब्रेक नोको मारजो बाप्पा."

"कोणता रपटा काका?" ड्रायव्हर म्हणाला. "पूल हाय ना तिथं."

 उकंडभाऊला आत सरकवलं. चादर आखूड होती, दार लागेपर्यंत त्याचे पाय माझ्यासमोर होते. भर पावसाळा होता, आणि पाय स्वच्छ होते.